सहा तासांचे टेक्नेशियम, चोवीस हजार वर्षांचे प्लुटोनियम

मुंबईहून निघालेली नंदिग्राम एक्स्प्रेस किनवटला पोहोचायला बारा तासांहून जास्त वेळ घेते. टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ त्या गाडीत ठेवला, तर किनवट येईपर्यंत त्याचा पाव हिस्साही उरणार नाही. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे होण्याचा काळ, फक्त सहा तासांचे आहे. प्लुटोनियम-२३९ ला मात्र निम्मे व्हायला २४,१०० वर्षे लागतात.

दोन्ही मूलद्रव्ये निसर्गात जवळजवळ सापडतच नाहीत. ती माणसाने घडवली. टेक्नेशियम १९३७ मध्ये इटलीत ओळखले गेले, तर प्लुटोनियम १९४०-४१ मध्ये अमेरिकेत तयार झाले. महाराष्ट्रात दोघांचाही संबंध ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राशी येतो.

रुग्णाच्या शरीरात सोडलेल्या टेक्नेशियमचे गॅमा किरण शरीराबाहेर येतात आणि कॅमेरा ते टिपतो. हाडांत पसरलेला कर्करोग, हृदयाचा रक्तपुरवठा, मूत्रपिंडाचे काम हे सारे त्यावरून समजते. पण इतका अल्पायुषी पदार्थ दूरच्या रुग्णालयात पोहोचवायचा कसा? त्यासाठी त्याचा जनक मॉलिब्डेनम-९९ पाठवतात. त्याचे अर्धायुष्य ६६ तासांचे असते. ट्रॉम्बेतल्या ध्रुवसारख्या अणुभट्टीत तो बनवता येतो. रुग्णालयातल्या 'जनरेटर' नावाच्या उपकरणात त्याच्यापासून टेक्नेशियम तयार होत राहते आणि मिठाच्या पाण्याने ते रोज वेगळे काढतात. गाय दुहावी तसेच हे काम!

प्लुटोनियमचे अल्फा किरण साध्या कागदानेही अडतात. धोका त्याची धूळ श्वासातून फुप्फुसात गेल्यावर होतो, म्हणून ते बंद पेटीत, हातमोज्यांतूनच हाताळतात. खरी किंमत त्याच्या अणुकेंद्रकात आहे. न्यूट्रॉन आदळला की ते फुटते आणि प्रचंड ऊर्जा देते. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारा कारखाना ट्रॉम्बेत १९६४ मध्ये सुरू झाला. १९७४ च्या पोखरण चाचणीत प्लुटोनियमच वापरले गेले. कल्पक्कमच्या प्रायोगिक फास्ट ब्रीडर अणुभट्टीने १९८५ पासून प्लुटोनियमयुक्त इंधन वापरले आहे.

एक लवकर संपते, म्हणून रुग्णाच्या शरीरात घालता येते. दुसरे टिकते, म्हणून इंधन म्हणून साठवता येते, पण त्याचा कचराही पिढ्यान् पिढ्या सांभाळावा लागतो.

तेव्हा डॉक्टरांनी टेक्नेशियमचा स्कॅन सुचवला, तर 'किरणोत्सारी' या शब्दाला घाबरून तपासणी टाळू नका. गर्भारपण किंवा अंगावर दूध पाजणे चालू असेल, तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. आणि तपासणीनंतर, डॉक्टरांची मनाई नसेल, तर भरपूर पाणी प्या.