पेशी कमी झाल्या म्हणजे आहार लागू पडला का? सीएलएलचं उदाहरण

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण फलटणपासून सांगलीपर्यंत कुणाला ब्लड कॅन्सर निघाला की 'हळद सुरू करा, मटण-अंडी बंद करा' हा सल्ला मानांकनाच्या कितीतरी आधीपासून दिला जातोय. आजार क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल असेल तर सल्ल्याला आणखी जोर येतो, कारण डॉक्टरच म्हणतात, 'सध्या औषध नको, फक्त लक्ष ठेवू.' यात बी-लिम्फोसाइट पेशी हळूहळू साठत जातात. त्रास नसताना लवकर केमो दिल्याने आयुष्य वाढत नाही, हे चाचण्यांतून दिसलंय. पण 'नुसतं थांबा' हे घरच्यांना पटत नाही, आणि ती पोकळी आहार भरून काढतो.

पुरावा अगदीच नाही असंही नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ४२ रुग्णांना हिरव्या चहातला ईजीसीजी हा घटक दिला. २०१३ च्या निकालात ३१ टक्के रुग्णांच्या लिम्फोसाइट २० टक्के किंवा त्याहून जास्त घटल्या आणि ती घट टिकली. ऐकायला भारी वाटतं ना? आता संशोधक म्हणून विचारा: तुलनेचा गट कुठे होता? नव्हता. सीएलएलमध्ये पेशींचा आकडा औषधाविनाही खालीवर होतो, क्वचित आजार आपोआप ओसरतोही. शिवाय आकडा घटला म्हणजे केमोची वेळ लांबली, हे अजून सिद्ध व्हायचंच आहे. आणि डोस? २००० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. कपांनी मोजलं तर डझनावारी चहा. इतक्या डोसने काहींच्या यकृताची एन्झाइम्सही वाढली.

हळदीची अडचण वेगळी आहे. काचेच्या बशीत कर्क्युमिन सीएलएलच्या पेशी मारतं, पण हळदीत ते जेमतेम काही टक्के असतं आणि रक्तात नगण्य पोचतं. १९९८ साली बेंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांना मिऱ्यातलं पायपेरिन सोबत दिलं, तेव्हा शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. हा आकडा आज कॅप्सूलच्या डब्यांवर मिरवतो. मात्र पायपेरिन यकृतातल्या ज्या एन्झाइमना अडवतं, त्यातलंच एक सीएलएलवरचं इब्रुटिनिब हे औषध मोडतं. म्हणून भाजीतली हळद-मिरी वेगळी आणि कॅप्सूल वेगळी. कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता घेऊ नये.

स्पेनमधल्या २०१८ च्या अभ्यासात प्रक्रिया केलेलं मांस, गोड पदार्थ असा पाश्चात्त्य आहार घेणाऱ्यांत सीएलएल जास्त आढळला. मात्र भाज्या-फळांच्या आहाराने तो कमी झालेला दिसला नाही. तसंही हे आजार होण्याबद्दल आहे, झालेला आवरण्याबद्दल नाही. हे दोन प्रश्न एकत्र करू नका, प्रबंधात तर नकोच.

एक मुद्दा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे. जोधपूरमध्ये जन्मलेल्या डॉ. कांती राय यांनी १९७५ मध्ये सीएलएलच्या पायऱ्या ठरवल्या. त्यात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रुग्ण वरच्या पायरीवर जातो. आता दूध-दहीसुद्धा सोडलेल्या रुग्णाला बी-१२ कमी पडून ॲनिमिया झाला, तर आजार वाढला असंच वाटू शकतं. त्यामुळे आहार बदललेल्या रुग्णाचा अभ्यास आखताना बी-१२ ची तपासणी पहिल्या दिवसापासून ठेवा.