आकडे, अन्वय आणि व्यतिरेक

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातली व्याप्ती पाहिली. आज तीच कल्पना घेऊन कचेरीत जाऊ या. ‘बिझनेस इंटेलिजन्स’ हा शब्द आता बँकेत, कारखान्यात, इस्पितळात सगळीकडे ऐकू येतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५८ साली या विषयावर शोधनिबंध लिहिला. तथ्यांमधले परस्परसंबंध ओळखून कृतीला दिशा देणं, असा इंटेलिजन्सचा अर्थ त्यांनी घेतला होता. नुसती माहिती साठवणं म्हणजे इंटेलिजन्स नव्हे.

पॉवर बीआय, टॅब्लो यांसारखी साधनं काय करतात? विक्री, हिशेब, गोदाम, तक्रारी अशा विखुरलेल्या नोंदी एकत्र जोडतात आणि चित्ररूपात दाखवतात. एकूण आकड्यावर क्लिक केलं की शाखावार, महिनावार तपशील उघडतो. सोय मोठी आहे. पण तिने निर्णय सुधारतो तो कसा? एक उदाहरण घेऊ.

२७ जानेवारी १९८६ ची रात्र. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत ‘चॅलेंजर’ यान उडायचं होतं आणि कडाक्याची थंडी पडली होती. यानाच्या रॉकेटच्या सांध्यांत रबरी कड्या असतात. थंडीत रबर कडक होतं, म्हणून रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी ‘उड्डाण नको’ असं सांगितलं. वरिष्ठांना पुरावा हवा होता. कड्यांना पूर्वी इजा झालेली उड्डाणं पाहिली, तर एक सुमारे १२ अंश सेल्सियसला झालेलं, एक २४ अंशांना. मग थंडीचा संबंध कुठे दिसतो? शेवटी उड्डाण झालं. ७३ सेकंदांत यान नष्ट झालं, सात जण गेले.

चौकशी आयोगाने नंतर इजा न झालेली उड्डाणंही त्याच तक्त्यात मांडली. एकूण २४. सुमारे १९ अंश आणि त्याहून जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये इजा. १७ अंश आणि त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा! नोंदी आधीपासूनच होत्या, पण एका चित्रात आल्या नव्हत्या.

आता न्यायदर्शन आठवू या. धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर, हा अन्वय. अग्नी नाही तिथे धूर नाही, जसं सरोवर, हा व्यतिरेक. त्या रात्री सरोवराकडे पाहायचं राहून गेलं.

आपल्याकडेही हेच होतं. समजा, एका पतसंस्थेने थकबाकीदारांची यादी काढली, आणि त्यात बहुतेक छोटे दुकानदार निघाले. लगेच ठराव होतो, दुकानदारांना कर्ज नको. पण वेळेवर फेडणाऱ्यांतही बहुतेक दुकानदारच असतील तर? चांगलं साधन दोन्ही याद्या क्षणात शेजारी ठेवतं. पूर्वी त्यासाठी कारकुनाला आठवडाभर रजिस्टरं चाळावी लागायची, म्हणून कोणी विचारतच नसे.

तरी विचारावं लागतंच. फक्त थकबाकीदार मागितले, तर साधन फक्त तेच दाखवील, तेही सुबक रंगांत. आणि चित्र समोर आल्यावरही अप्रिय निष्कर्ष ऐकून घेण्याची तयारी माणसांचीच लागते. त्या रात्री अभियंते बोलले होतेच. तेव्हा पुढच्या बैठकीत पडद्यावर आलेख आला, की आपण एवढंच विचारू या: ‘जिथे हे घडलं नाही, त्या नोंदी यात आहेत का?’