पावणेदोन लाख माणसं, एक खुर्ची

केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याचा ‘नॅशनल हेल्थ प्रोफाइल’ नावाचा जाडजूड अहवाल आहे. नुसतं कोष्टकांचं जंगल. त्याच्या २०१८ च्या आवृत्तीत सरकारी नोकरीतले दंतवैद्य मोजले आहेत: देशभरात ७,२३९. आणि अशा एका दंतवैद्यामागे माणसं किती, तर १,७६,००४. शेवटच्या त्या चारांचं मला विशेष वाटतं. पावणेदोन लाखांच्या गर्दीत त्यांचीही नोंद कुणीतरी इमानेइतबारे केली आहे.

या माणसांची रांग लावून बघा. पहिला माणूस सीएसएमटीच्या फलाटावर उभा केला आणि माणशी अर्धा मीटर जागा दिली, तर रांग ८८ किलोमीटरची होते. ठाणे, कल्याण, बदलापूर मागे टाकून ती नेरळच्याही थोडी पुढे जाते. माथेरानची छोटी गाडी जिथून सुटते, तिथे गालावर हात ठेवून कुणीतरी उभं असणार, आणि डॉक्टर एकच, तेही सीएसएमटीला.

या एका डॉक्टरच्या वाट्याला दात किती येतात? लहान मुलांचे वीस, मोठ्यांचे बत्तीस आणि बोळकी झालेल्या आजी-आजोबांचे शून्य, असं सगळं जमेस धरून माणशी अठ्ठावीस म्हणू. म्हणजे ४९ लाख दात. दिवसाला सहा तास, वर्षाला तीनशे दिवस काम, म्हणजे हातात १,८०० तास. प्रत्येकाला फक्त दहा मिनिटं द्यायची, नुसतं ‘आ करा’ म्हणून बघायचं, हात लावायचा नाही. तरी एक फेरी पूर्ण व्हायला सोळा वर्षांहून जास्त लागतात. सहाव्या वर्षी, पहिली पक्की दाढ येताना, मुलाचे दात तपासले तर त्याची पुढची पाळी बाविसाव्या वर्षी, अक्कलदाढ ठणकत असताना. सरकारी दंतवैद्यांची संख्या दुप्पट झाली असं धरलं तरी पाळी आठ वर्षांनी येते.

या दहा मिनिटांत फक्त दात बघायचे नसतात. गालाच्या आतला पांढरा चट्टा, जिभेच्या कडेची न भरणारी जखम बघायची असते. ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे २०२० या एका वर्षात भारतात अंदाजे १,३५,९२९ नवे रुग्ण होते, रोजचे ३७०. आपल्याकडे तंबाखू आहे, गुटखा आहे, आणि सकाळी मिश्री लावल्याशिवाय तोंड स्वच्छ झालं असं न वाटणाऱ्या बायकाही आहेत. त्यांच्या तोंडात डोकावणारा पहिला माणूस दंतवैद्यच असायला हवा.

आता बघणं सोडून काम करू. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि ३५ ते ४४ वयोगटातल्या ८०.२ टक्के माणसांचे दात किडलेले आढळले होते. आपण उदार होऊन निम्म्याच लोकांना कीड लावू, आणि तीही प्रत्येकी एकाच दाढेला. म्हणजे ८८,००२ दाढा. एक दाढ नीट साफ करून भरायला अर्धा तास. एकूण ४४,००१ तास, म्हणजे चोवीस वर्षांहून जास्त. अख्खी सरकारी नोकरी एकेका दाढेत गेली, आणि तोवर पहिल्यांदा भरलेल्या दाढांचं सिमेंटही निघून आलं असेल.

याच दाढा काढून टाकल्या तर? दाढ काढायला दहा मिनिटं पुरतात असं धरा. चोवीस वर्षांचं काम आठ वर्षांत उरकतं.

सगळी मेख इथे आहे. सरकारी दवाखान्यात ‘काढूनच टाका’ हे वाक्य इतक्या वेळा का ऐकू येतं, याला डॉक्टरचा आळस किंवा बेफिकिरी हे उत्तर मला पटत नाही. बाहेर रांग उभी असताना भरण्यापेक्षा उपटणं तिप्पट वेगाने होतं. रूट कॅनाल तर विचारूच नका. त्याला दोन-तीन खेपा, एक्स-रे आणि तासांवर तास लागतात. दात उपटायचं ठरवणारा डॉक्टर नसतो, हा भागाकार असतो.

मग देशात दंतवैद्यच कमी असतील? आरोग्य खात्याच्या त्याच अहवालात नोंदणीकृत दंतवैद्यांचाही आकडा आहे: २,५१,२०७. या हिशेबाने साधारण पाच हजार माणसांमागे एक येतो. म्हणजे दर पस्तीस दंतवैद्यांमागे एक सरकारी खुर्चीपाशी आणि चौतीस बाहेर. शहरातल्या कुठल्याही बऱ्यापैकी रस्त्यावर दर दोनशे पावलांवर डेंटल क्लिनिकची पाटी दिसते. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत आणि बीडीएसच्या दरवर्षीच्या जागा सुमारे २७ हजार. देशातले एकूण सरकारी दंतवैद्य जितके आहेत, तितक्या जागा ही महाविद्यालयं सव्वातीन महिन्यांच्या हिशेबात काढतात. त्यातल्या बऱ्याच जागा रिकाम्या राहतात, कारण लाखो रुपये भरून पाटी लावली तरी शेजारी आधीच दोन पाट्या असतात, हे आता मुलांनाही कळलं आहे.

हात आहेत, हत्यारं आहेत. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेत दात कोरणारा एअरोटर तालुक्याच्या गावातल्या क्लिनिकमध्येही गुणगुणत असतो. अडतं ते पैशापाशी. रूट कॅनाल आणि वरची कॅप मिळून सात हजार रुपये धरले, तर शहरात ते फार महाग म्हणता येणार नाहीत. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे बावीस दिवस खड्डे खणावेत, तेव्हा एका दाढेतला खड्डा बुजतो.

विम्याची गंमत तर और आहे. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. कीड लागलेली दाढ भरायला कुणी दाखल होत नाही. ती तशीच राहिली, पू झाला, सूज जबड्याखालून गळ्यापर्यंत उतरली आणि श्वास अडायला लागला, की मग दाखल करावंच लागतं. सुरुवातीचा छोटा खर्च खिशातून, शेवटचा मोठा योजनेतून. हा हिशेब कुठल्या घरात चालेल?

लंडनला राहणारे आपले लोक दिवाळीला आले की दात करून घेतात, हे बघून तिकडे काही वेगळंच संकट असेल असं वाटतं. पण रोग तोच आहे. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेचं थोडंफार तरी काम करणारे दंतवैद्य सुमारे २४ हजार आणि लोकसंख्या पावणेसहा कोटींच्या आसपास. म्हणजे एकामागे २,४००. आपल्या आकड्याच्या सत्तर-पंच्याहत्तराव्या हिश्शाइतकं ओझं! तरी ऑगस्ट २०२२ मध्ये बीबीसीने देशभरचे दवाखाने विचारून काढले, तेव्हा दहापैकी नऊ जण सरकारी दरात नवीन प्रौढ रुग्ण घेत नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एक दवाखाना नव्याने उघडला, तर एवढी रांग लागली की पोलीस आले. कारण पुन्हा दंतवैद्यांची टंचाई नाही. २००६ पासूनच्या करारात एक दाढ भरा नाहीतर सहा भरा, डॉक्टरला सरकारकडून मोबदल्यापोटी मिळणारे गुण तीनच. २०२२ अखेर त्यात थोडी दुरुस्ती झाली. शहाण्या डॉक्टरने तोवर खाजगी रुग्ण घ्यायला सुरुवात केली होती. ज्या देशात कवळी आणि चष्म्यावर पैसे आकारायला विरोध म्हणून १९५१ साली ही सरकारी आरोग्यसेवा उभी करणाऱ्या अन्यूरिन बेव्हननी मंत्रिपद सोडलं, तिथली ही अवस्था.

आपल्याकडे स्वस्तात दात करून घ्यायचे असतील तर खरा आधार दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा. मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय महाविद्यालय, मुंबई सेंट्रलजवळचं १९३३ पासूनचं महापालिकेचं नायर, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं. केसपेपर काढायचा, तपासणी, एक्स-रे, मग ज्या-त्या विभागात. इथे व्यवहार उलटा होतो, म्हणून मला ही जागा आवडते. विद्यार्थ्याला परीक्षेआधी ठरावीक दाढा भरायच्या असतात, ठरावीक काढायच्या असतात, कवळ्या बसवायच्या असतात. कोटा अपुरा असला की तोच रुग्णाच्या शोधात असतो. दात नसलेले आजोबा म्हणजे अंतिम वर्षाच्या मुलाला देवच भेटल्यासारखं. पैसे कमी लागतात, वेळ मात्र मोजून द्यावा लागतो. बाहेर अर्ध्या तासात होणाऱ्या कामाला इथे सकाळ जाते, कारण प्रत्येक टप्प्यावर मास्तर येऊन बघतात. काम वाईट होतं असा समज आहे. इतक्या डोळ्यांखाली होणारं काम बाहेर क्वचितच मिळतं.

अंतर मात्र कुठल्याही केसपेपरवर कमी होत नाही. गोव्यात बांबोळीला दंत महाविद्यालय आहे आणि काणकोणहून तिथे पोचायला सत्तरेक किलोमीटर पुरतात. गडचिरोलीतल्या सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रूट कॅनालच्या तीन खेपा म्हणजे जाऊन-येऊन दोन हजारांवर किलोमीटर, तीही ठणकती दाढ घेऊन, आणि प्रत्येक खेपेला बुडालेली मजुरी वेगळी. सिरोंच्याचा माणूस दाढ काढून घेतो. त्याचाही हिशेब चुकलेला नसतो.

आता या सगळ्या हिशेबातली न मोजलेली रास मोजू. बीडीएस होण्याआधी प्रत्येकाला वर्षभर इंटर्नशिप करावी लागते. रिकाम्या जागा आणि गळती वजा करून देशात २० हजार इंटर्न धरा. प्रत्येकी तेच १,८०० तास. एकूण ३ कोटी ६० लाख तास होतात. ७,२३९ सरकारी दंतवैद्यांचे सगळे मिळून १ कोटी ३० लाख. शिकाऊ हात, मंद गती, म्हणून एका दाढेला अर्ध्याऐवजी पूर्ण तास देऊ. तरी वर्षाला ३ कोटी ६० लाख दाढा भरता येतील एवढा वेळ झाला. त्यातला दहावा भाग जरी जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या दवाखान्यांकडे वळवला, तर ३६ लाख दाढा, म्हणजे देशातल्या सुमारे साडेसातशे जिल्ह्यांना प्रत्येकी पावणेपाच हजार. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी चालू स्थितीतली खुर्ची, अखंड वीज, कॉम्प्रेसर आणि वर देखरेखीला एक पक्का दंतवैद्य लागेल. पहिल्या तिन्ही गोष्टी विकत मिळतात. चौथ्याची जाहिरात काढावी लागेल. अर्ज किती येतील, ते बाहेरच्या चौतिसांना विचारा.