भरवशाचे वाचन

एके काळी आपल्याकडे वाचकाची अडचण होती ती ग्रंथांच्या दुर्मिळतेची. आडगावच्या शिक्षकाला विश्वकोशाचा एखादा खंड पाहावयाचा तर जिल्ह्याच्या ग्रंथालयापर्यंत खेप करावी लागे. आज हाताशी असलेल्या भ्रमणध्वनीवर मजकूर अमाप आहे. पण त्यांतला भरवशाचा कोणता, हे मात्र कळेनासे झाले आहे.

महागाई भत्ता वाढल्याची वार्ता एखाद्या सकाळी कचेरीभर पसरते. तिच्यावर ना सही असते, ना तारीख. वास्तविक महाराष्ट्र शासनाचे निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर दिनांक, क्रमांक व संगणक संकेतांकासह प्रसिद्ध होतात. तेथे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. मजकुराची जबाबदारी कोणी घेतली आहे, हा पहिला प्रश्न वाचकाने विचारावयास हवा.

ज्ञानाच्या प्रांतातही कसोटी हीच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज हा कोश संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतो. नोंदीच्या शेवटी सामान्यतः संदर्भग्रंथ आणि लेखकाचे नाव असते. विकिपीडियावर लेखकाचे खरे नाव पुष्कळदा नसते; परंतु प्रत्येक लेखाचा ‘इतिहास’ तेथे उघडा असतो. कोणत्या सदस्याने केव्हा काय बदलले ते दिसते आणि तळटिपा दिलेल्या असल्यास मूळ साधनापर्यंत जाता येते. ज्या लेखाला तळटिपाच नाहीत, तो सावधपणे वाचावा.

नोंदीचा काळही पाहिला पाहिजे. प्लूटोचा शोध १९३० साली लागला आणि तो नववा ग्रह मानला गेला. २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याची गणना बटुग्रहांत केली. त्यापूर्वीच्या कोशात तो ग्रह म्हणून आढळला, तर त्या लेखकाने खोटे लिहिले असे होत नाही. त्याने आपल्या काळाचे ज्ञान नोंदविले, इतकेच.

वृत्तपत्रांविषयीही असेच म्हणता येईल. बातमी कोठून आली, कोणाच्या हवाल्याने आली, हे जे पत्र सांगते, बातमी आणि मत यांची सरमिसळ करीत नाही आणि चूक झाल्यास दुरुस्ती छापते, ते विश्वासास पात्र होय. चूक कोणाकडूनही होते. ती झाकणाऱ्यापासून मात्र दूर राहावे.

हा सारा खटाटोप वाचनाचा आनंद हिरावून घेईल, अशी भीती कोणी बाळगू नये. एका नोंदीतून दुसरीकडे, तिथून मूळ ग्रंथाकडे, अशी भटकंती करण्यात जे सुख आहे, ते आयत्या आलेल्या चार ओळी वाचण्यात नाही. शिक्षकांनी एवढे जरी केले की, प्रत्येक निबंधाखाली ‘ही माहिती कोठून घेतली’ हे विद्यार्थ्याला एका वाक्यात लिहावयास लावले, तरी शोधून वाचण्याची सवय त्याला शाळेतच लागेल.