आधी विसण, मग आंघोळ

नरक चतुर्दशीची पहाट. जालना जिल्ह्यात घनसावंगी-मंठ्याकडच्या वस्त्यांवर अजून तांबडं फुटलेलं नसतं. अंगणातल्या चुलीत गेल्या साली रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या तडतडत असतात आणि हंड्यातल्या पाण्याला आधण आलेलं असतं. कढत पाणी बादलीत पडतं, त्यात विसण पडतं. घरातली म्हातारी कोपर बुडवून बघते, "आणखी तांब्याभर घाल गं" म्हणते आणि मगच तेलउटणं लावलेल्या नातवाच्या अंगावर पाणी घालते.

याच गरम पाण्याबद्दल हल्ली एक गोष्ट ऐकू येते. गरम पाण्यानं आंघोळ केली की म्हणे शुगर उतरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून 2023 साली समोर आलेल्या अंदाजानुसार देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे ही गोष्ट ऐकणारे कान घरोघरी आहेत.

गोष्ट अगदीच हवेतली नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या फिलिप हूपर या डॉक्टरांनी 1999 साली टाइप-2 मधुमेहाच्या 8 रुग्णांना आठवड्यातून 6 दिवस, रोज अर्धा तास, खांद्यापर्यंत गरम पाण्यात बसवलं. तीन आठवड्यांत त्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी 182 वरून 159 वर आली. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात स्टीव्ह फॉकनर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये पुरुषांना तासभर 40 अंशांच्या पाण्यात बसवून मोजमाप केलं. त्या तासात सुमारे 140 कॅलरी खर्च झाल्या, म्हणजे अर्ध्या तासाच्या चालण्याएवढ्या. जेवणानंतर साखर चढते तो चढही व्यायामाच्या तुलनेत जवळपास दहा टक्क्यांनी कमी भरला. जपानमध्ये 2020 साली 1,297 मधुमेही रुग्णांची माहिती तपासली गेली. आठवड्यातून चार किंवा अधिक वेळा गरम पाण्यात बसणाऱ्यांचं एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, सरासरी 7.10 होतं, तर एकदाही न बसणाऱ्या किंवा क्वचित बसणाऱ्यांचं 7.36.

ऊब लागली की रक्तवाहिन्या रुंदावतात, नाडी वाढते, स्नायूंकडे रक्त जास्त जातं. उष्णतेला तोंड देणारी काही प्रथिनं पेशी तयार करतात आणि इन्सुलिनला प्रतिसाद सुधारण्यात त्यांचा हात असावा, असं संशोधक मानतात. पण आठ रुग्ण म्हणजे मूठभर माणसं. लफबरोचे पुरुष मधुमेही नव्हते. जपानी पाहणीतून तर एवढंच कळतं की दोन गोष्टी बरोबर आढळल्या. मुळात ज्याची तब्येत धड आहे, तोच नेमानं टबात बसू शकत असेल. सगळ्याच प्रयोगांत साखर उतरलेली नाही, हेही खरं.

शिवाय ही सगळी आंघोळ बुडून बसण्याची आहे. टब भरायला दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागतं, म्हणजे टँकरवरून भरलेला एक अख्खा ड्रम. 2012-13 च्या दुष्काळात टँकरमागे धावलेल्या जालन्याला त्या ड्रमाची किंमत सांगायला नको. आपली आंघोळ बादलीभर पाण्याची, पाचसात मिनिटांची. अंग ओलं होतं, मन ताजं होतं. पण शरीर आतून तापायला एवढा वेळ पुरत नाही. तेव्हा त्या प्रयोगांचा फायदा आपल्या बादलीच्या खात्यावर मांडता येत नाही.

धोका मात्र बादलीतही आहे. बरीच वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या पायाची संवेदना हळूहळू जाते. आधी मुंग्या येतात, तळवे जळजळतात, मग काहीच कळेनासं होतं. चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागत नाही. अशा पायावर सोलरचं 60 अंशांचं पाणी पडलं तर काही सेकंदांत कातडी भाजते आणि माणूस "पाणी बेताचंच आहे" म्हणत बसतो. संध्याकाळी मोजा काढताना फोड दिसतो. तो चिघळला की पुढची गोष्ट दवाखान्यातली. म्हणून मधुमेही पायासाठी पाणी 37 अंशांच्या खाली असावं आणि पाय पाण्यात भिजत ठेवू नयेत, असं पायांचे तज्ज्ञ सांगतात.

दुसरी गोष्ट इन्सुलिनची. फिनलंडमध्ये 1980 साली सौनात बसवलेल्या रुग्णांवर दिसलं, की उष्णतेनं टोचलेल्या जागेवरचं इन्सुलिन रक्तात कितीतरी वेगानं उतरतं. दिवाळीच्या पहाटेचा क्रम आठवा: सुई टोचून घेतली, कढत पाण्यानं आंघोळ, मग देवदर्शन आणि फराळ सगळ्यात शेवटी. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर खाली गेलेली असू शकते. लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यावी, नाहीतर पेलाभर मोसंबीचा रस. भौगोलिक मानांकन मिळवलेली जालन्याची मोसंबी ऐन दिवाळीत बाजारात असतेच. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. माणसाची शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना गाठावा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुई, आंघोळ आणि खाणं यांचा क्रम डॉक्टरांना विचारून ठरवावा. गरम पाण्यानं रक्तदाबही उतरतो, म्हणून पाटावरून सावकाश उठावं आणि न्हाणीची कडी आतून लावू नये. गोळ्या, चालणं आणि पथ्य यांच्या जागी बादली बसत नाही.

एक फायदा मात्र या बादलीतून हमखास मिळतो. दिवसभरात पायाकडे नीट बघायची हीच काय ती वेळ. भेगा, फोड, रुतलेला काटा बोटांनी चाचपावा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा नाहीतर सुनेला बघायला सांगावं. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. आणि म्हातारीला स्वतःलाच शुगर असेल, तर यंदा तिच्या बादलीत कोपर नातवानं बुडवावं.