पहिला द्रोण बडादेवाचा

पहाटे ४

"उठा जी, मोहा पडून राहिला." आजीने खाट हलवली. डोळे उघडायच्या आधी नाकात वास शिरला. जुन्या मधाच्या बरणीचं झाकण उघडावं, तसा. तुमसर तालुक्यात, लेंडेझरीच्या जंगलाला लागून असलेलं हे गोंड कुटुंबाचं घर. आजी, तिचा मुलगा म्हणजे दादा, सून म्हणजे वहिनी, आणि शाळकरी नात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण रात्री या घरात जे वाढलं जाणार आहे ते गाळायला कायद्याची परवानगी नाही.

पहाटे ५

दादा काठी आपटत, मोठ्याने बोलत पुढे चालतो. चैत्रात मोहाच्या फुलांसाठी अस्वलही येतं आणि अंधारात त्याला चाहूल लागू न देणं सगळ्यात धोक्याचं. कोणतं झाड कोणाचं हे आज्या-पणज्यापासून ठरलेलं; दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही.

झाडाखाली जुनी लुगडी एकाला एक शिवून अंथरली आहेत. पूर्वी जमीन साफ दिसावी म्हणून पाचोळा जाळायचे आणि ती आग जंगलात पसरायची. आता लुगड्यावर फुलं टप्‌ टप्‌ पडतात. एक उचललं. द्राक्षाएवढं, फिकट पिवळं, मांसल, टोकाला बारीक भोक. दाताखाली धरलं तर आधी पाणीदार गोडी, मग घशात हलका कडवटपणा. हे फूल तोडावं लागत नाही. रात्रभर वटवाघळं झाडावर असतात, आणि पहाटेपासून झाड आपणच देत जातं. दोन टोपल्या भरेपर्यंत आजीची कंबर सरळ झाली नाही.

सकाळी ९

फुलं अंगणात पसरली. उन्हात ती मनुकांसारखी तपकिरी होतील. दादा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीवर कामाला गेला.

दुपारी १२

आजीने कोपऱ्यातल्या मडक्यावरचं फडकं काढलं. पाण्यात भिजवलेल्या सुक्या फुलांचा आज सहावा दिवस. वर फेस. कान लावला तर आत बारीक सळसळ ऐकू येते. सुक्या फुलात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. रानातलं, हवेतलं किण्व ती खातं आणि मद्य तयार होतं. नाशिकच्या वाइनच्या पिंपात द्राक्षाच्या रसातल्या साखरेचंही असंच मद्य होतं.

"नवसागर?" मी विचारलं.

"नाही जी. तो विकणारे टाकतात. हे देवाचं आहे."

इथे मला थांबून बोलायचं आहे. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनला करात सवलत दिली. २००५ मध्ये सुलाने नाशिकला वाइन चाखण्याची खोली उघडली आणि आज लोक कुटुंबासह तिथे जातात. द्राक्ष उत्पादकाला हे मिळालं याचा मला आनंदच आहे. पण मोहाच्या वाट्याला काय आलं? इंग्रजांनी १८९२ साली मुंबई इलाख्यात फुलांवरच कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. फुलं साठवण्या-नेण्यावरची बंधनं राज्याने उठवली ती २०२१ साली. म्हणजे झाडाखाली पडलेलं फूल घरात ठेवायला आजीला आयुष्याची सत्तर वर्षं वाट पाहावी लागली. बावनथडीपलीकडच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली. आलिराजपूर आणि दिंडोरीत आदिवासी बचत गट ते परवान्याने बनवतात. नदीच्या अलीकडे तीच आजी गुन्हेगार ठरते. हे मला पटत नाही.

दुपारी ४

चुलीवर मोठं मडकं, त्यात आंबवण. त्यावर बुडाला भोकं पाडलेलं दुसरं मडकं आणि त्याच्या आत एक गंज. सगळ्यात वर थंड पाण्याचं घमेलं. सांधे चिखलाने लिंपलेले. वाफ वर जाते, घमेल्याच्या गार बुडाला लागते आणि थेंब होऊन गंजात उतरते. घमेल्यातलं पाणी कोमट झालं की बदलायचं. दारू किती कडक, हे किती पाणी बदललं त्यावर ठरतं. आजी जाळ मोठा होऊ देत नाही. "घाई केली तर जळका वास येते."

दुसऱ्या पाण्यानंतर तिने चार थेंब निखाऱ्यावर टाकले. निळी ज्योत उठली. तिसऱ्या पाण्याला तिने चुलीतली लाकडं ओढली.

संध्याकाळी ७

पानं टाचून केलेले द्रोण. पहिला द्रोण बडादेवाचा, अंगणात ओतला. दुसरा गेलेल्या आजोबांच्या नावाने. तिसरा माझ्या हातात.

रंग पाण्यासारखा. सकाळचा तोच वास, पण आता त्याला थोडा धूर लागलेला. जिभेवर सुक्या द्राक्षाची गोडी, नंतर छातीत ऊब. समोर चिन्नोरचा भात, लाखोरीची डाळ, जवसाची चटणी, आणि भाजलेली मोहफुलं तिळासोबत उखळात कांडून वळलेला लाडू. डाळीच्या घासानंतर घोट घेतला की मोहाचा कडवटपणा गळून पडतो. जेवणासोबतच घ्यायचं हे पेय आहे, हे मला तेव्हा कळलं.

वहिनी घेत नाहीत. "माझ्या माहेरी बाप यानंच गेला," त्या भात वाढताना म्हणाल्या. "आत्याबाई द्रोणानं मोजतात म्हणून मी चालू देतो. बाटलीनं मोजली असती तर मडकं फोडलं असतं." गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती बायकांनी आणि गावांनी लढून मिळवली, हे त्यांना पाठ आहे. वहिनींना लाडू विकायचे आहेत. २०२० साली केंद्राने सुक्या फुलांचा आधारभूत दर किलोला १७ वरून ३० रुपये केला, पण घरात साठवायला जागा नाही म्हणून फुलं हंगामातच व्यापाऱ्याला द्यावी लागतात आणि पावसाळ्यात भाव चढतो तेव्हा हाती काही नसतं. लाडवाला मात्र पावसाळ्यातही गिऱ्हाईक आहे, असा त्यांचा हिशेब.

रात्री ९

आजीने मला दुसरा द्रोण दिला नाही. उरलेली बाटली तिने धानाच्या ढोलीत खोल पुरली. जेठात भाच्याचं लग्न आहे.

"मांडवात हे नसलं तर देव येत नाही जी," ती म्हणाली आणि कंदिलाची वात खाली केली. "झोपा आता. चारला उठाचं आहे."