चरब्यावरचा चेहरा

तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्यात शिवाजी महाराजांची तसबीर नाही असे घर शोधावे लागेल. सरकारी कचेऱ्यांत शासनमान्य चित्र असते, ते कोल्हापूरच्या जी. कांबळे यांचे. समोरच्या राजगडावर महाराजांची राजधानी पंचवीसेक वर्षे होती. त्यांचा चेहरा मात्र आपल्यापर्यंत पोचला तो परक्या दरबारच्या अनामिक चिताऱ्यांनी केलेल्या नकलांमधून.

1677 मध्ये महाराज कुतुबशहाच्या भेटीला गोवळकोंड्याला गेले. पुढच्या दशकात तिथे राजे-सरदारांच्या चित्रांचे संच तयार होत होते आणि युरोपीय व्यापारी ते विकत घेत होते. असा एक संच ॲमस्टरडॅमचे महापौर निकोलास विट्सेन यांच्याकडे गेला. तो आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यात महाराजांचेही चित्र आहे. संच करायचा म्हणजे चरबा आला. मूळ चित्रावर पातळ कातडे ठेवून रेषा उतरवायची, रेषेवर सुईने भोके पाडायची आणि कोळशाची पूड भरलेली पुरचुंडी त्यावर आपटायची. खालच्या कागदावर ठिपक्यांचा चेहरा उमटतो. पगडी, अंगरखा, हातातले शस्त्र चितारी मनाने बदलतो. नाकाची आणि हनुवटीची रेषा मात्र चरब्याने धरून ठेवलेली असते. म्हणूनच वेगवेगळ्या संग्रहांतल्या चित्रांत बाकदार नाक आणि टोकदार दाढी पुन्हा पुन्हा भेटते. माझा भरवसा आहे तो याच पुनरावृत्तीवर.

रंगाचे तसे नाही. 1664 च्या सुरतेच्या स्वारीनंतर तिथला इंग्रज पाद्री एस्कॅलिओट याने ऐकीव माहितीवरून महाराजांना आपल्या माणसांपेक्षा गोरे म्हटले. फ्रेंच प्रवासी थेवनो सावळे म्हणतो. तेजस्वी, चपळ डोळ्यांबद्दल मात्र दोघांचे एकमत आहे.

पुढची नक्कल तांब्याच्या पत्र्यावर झाली. डच पाद्री फ्रांस्वा व्हॅलेंटाइन याच्या 1724 ते 1726 या काळात निघालेल्या ग्रंथात महाराजांचे छापील चित्र आहे. पत्र्यावर कोरलेली आकृती कागदावर उलटी उमटते. म्हणून अशा ठशात चेहरा डावीकडे वळला आहे की उजवीकडे, यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

हे सारे युरोपात पडून असताना महाराष्ट्रात इब्राहिमखान नावाच्या माणसाचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जात होते. ही चूक दाखवून व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातले चित्र इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये लोकांपुढे आणले. इतक्या मोठ्या राजाच्या नावाखाली भलताच चेहरा पुजला जावा, याची मला आजही हळहळ वाटते. बेंद्र्यांचे हे एकच काम असते तरी त्यांचे ऋण फिटले नसते.

मूळ चित्रकाराचे नाव ठाऊक असले की नकलेची गोष्ट वेगळी होते. जर्मनीत जन्मलेला चित्रकार योहान झोफनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लखनौला आला. त्याच्या कोंबड्यांच्या झुंजीच्या प्रसिद्ध चित्राच्या नकला तिथल्या अनामिक चिताऱ्यांनी केल्या. मूळ चित्रकाराचे नाव ठाऊक असल्याने तिथे नक्कल कुणाची हे लगेच सांगता येते. गोवळकोंड्याच्या चिताऱ्याला नाव नाही, आणि त्याच्यापुढच्या चरब्यालाही नाही. छापील तसबिरींखाली आपण प्रकाशकाचे नाव घालतो. जुन्या चित्राची प्रत छापताना त्याखाली ‘गोवळकोंड्याचा चितारी, सतराव्या शतकाची अखेर’ एवढी ओळ यापुढे घालायला हवी.